जखम भरली, वण राहिला : गुदाशयाच्या एका दुर्मिळ व्रणाची हकिकत

वर्षावासाचे दिवस होते. साल २०२२. अमरावतीच्या आमच्या वस्तीतील बुद्धविहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चाले. ऐकायला तीस-चाळीस आयाबहिणी येत. त्यांत एक ताई नेहमी शेवटी, अगदी दाराजवळ बसायच्या आणि तासाभरात दोन-तीनदा उठून घरी जाऊन यायच्या. आम्हाला वाटे, ताईंचे वाचनात मन नाही. एके दिवशी आम्ही तसे चारचौघांत बोलूनही दाखवले. ताई खाली मान घालून निघून गेल्या.

त्या रात्री आमच्या पत्नीने आम्हाला चांगलेच सुनावले. “थे बाई तीन वर्सापासून रगत गाळून राह्यली, अन् तुमी तिले चारचौघांत बोलता! तिच्या पोटाचं दुखनं हाये. माणसाले सांगन कशी?”

आम्ही वरमलो. वीस वर्षे समाजाचे काम करतो म्हणवतो. जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनकार्डे करून देतो. पण वस्तीतल्या एका बहिणीचे दुखणे आम्हाला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी पत्नीला सोबत घेऊन ताईंच्या घरी गेलो आणि आधी माफी मागितली. पुढे दोन-अडीच वर्षे जे पाहिले, ते ताईंच्या संमतीने, त्यांचे नाव न देता येथे लिहीत आहोत. ताईंनीच सांगितले, “लिहा भाऊ. माह्यासारखी दुसरी कोनी लपवून बसली असन, तिच्या कामी पडन.”

लाजेने वाढवलेले दुखणे

ताईंचे वय तेव्हा चौतीस. नवरा ऑटो चालवतो. ताई चार घरची धुणीभांडी करतात. पहाटे साडेपाचला घर सोडायचे. वस्तीत संडास सामायिक, सकाळी रांग. रांगेत उभे राहिले तर पहिल्या घरचे काम चुकते. मालकिणीच्या घरी संडास असतो, पण तो मोलकरणीसाठी नसतो. म्हणून कळ दाबून धरायची. दुपारी दोनला घरी आल्यावर संडासला जायचे, तर तोवर मल कडक झालेला. मग अर्धा-अर्धा तास बसून कुंथायचे. पाणी कमी प्यायचे, कारण पाणी प्यायले की बाहेर कुठे जायचे हा प्रश्न. असे दहा वर्षे चालले.

२०१९ मध्ये पहिल्यांदा रक्त दिसले. मग चिकट आव पडू लागली. संडास करून आले तरी पोट साफ झाले असे वाटत नसे. पुन्हा जावेसे वाटे. सासूबाई म्हणाल्या, मूळव्याध असेल. शेजारणीने एका ‘मूळव्याध-भगंदर’ अशी पाटी लावलेल्याचा पत्ता दिला. त्याने न तपासताच इंजेक्शन टोचले, पुड्या दिल्या आणि आठ हजार रुपये घेतले. रक्त थांबले नाही. जिना चढताना धाप लागू लागली. आम्ही रक्त तपासून घेतले तेव्हा हिमोग्लोबिन सातवर आले होते.

मग एका तज्ज्ञ डॉक्टरांनी दुर्बिणीने तपासणी केली. गुदाशयात, आतल्या पुढच्या भिंतीवर एक व्रण होता आणि त्याच्या कडा उंचावलेल्या. डॉक्टर म्हणाले, गाठीसारखे दिसते, तुकडा काढून पाहावा लागेल. पहिल्या तुकड्याचा अहवाल स्पष्ट आला नाही. घरात मात्र ‘कॅन्सर’ हा शब्द शिरला. ताईंनी जेवण सोडले. नवरा ऑटो विकायला निघाला. दहावीतली मुलगी म्हणाली, “मी शाळा सोडते, मायची कामं मी करते.” एका शब्दाने एक घर मोडायला आले होते.

अकोल्याचा अहवाल

ताईंचे माहेर अकोल्याचे. भाऊ तेथे डाळमिलमध्ये हमाली करतो. तो म्हणाला, इकडे आणा, पुन्हा एकदा दाखवून पाहू. आम्ही बडनेऱ्याहून गाडी धरली. मूर्तिजापूर गेले तरी ताई एक शब्द बोलल्या नाहीत. अकोल्यात दुर्बिणीतून पुन्हा तुकडे काढले, या वेळी जास्त आणि खोलवरचे. आठवड्याने अहवाल आला. कॅन्सर नव्हता. आजाराचे नाव होते सॉलिटरी रेक्टल अल्सर सिंड्रोम, म्हणजे गुदाशयातील एकाकी व्रणाचा विकार.

हे नाव आम्ही पहिल्यांदाच ऐकले. मग विचारपूस केली, वाचले, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारले. जे समजले ते असे.

हा आजार दुर्मिळ आहे. परदेशातील अंदाजाप्रमाणे वर्षाला एक लाख लोकांत एखाद्यालाच तो होतो. २०११ च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २९ लाख आणि अकोला जिल्ह्याची सुमारे १८ लाख होती. तो अंदाज इकडे लावला तर या दोन जिल्ह्यांत मिळून दरवर्षी चाळीस-पन्नास नवे रुग्ण होत असतील. हा आमचा कारकुनी हिशेब आहे. पण ‘दुर्मिळ’ म्हणजे ‘आपल्याकडे नाहीच’ असे नव्हे, एवढे त्यावरून कळते.

फ्रान्सचे डॉक्टर क्रुव्हेलिए यांनी १८२९ मध्ये अशा व्रणांचे वर्णन केले. पण आजाराची नेमकी ओळख पटवणारी लक्षणे मॅडिगन आणि मॉर्सन या डॉक्टरांनी १९६९ मध्ये मांडली. नाव मात्र फसवे आहे. व्रण एकच असतो असे नाही, दोन-तीनही असतात. काहींना व्रण नसतोच. नुसता लाल चट्टा किंवा मांसल उंचवटा असतो. आणि क्वचित तो गुदाशयाच्या वर, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणातही सापडतो. बहुतेक रुग्ण तरुण किंवा मध्यम वयाचे असतात.

व्रण होतो कसा? गुदाशयाच्या तोंडाशी पट्ट्यासारखा एक स्नायू असतो. संडासला बसल्यावर तो सैल पडायला हवा. काही माणसांत तो सैल पडण्याऐवजी आवळला जातो. दार बंद आणि आतून माणूस जोर लावतो आहे, असा प्रकार. त्या जोराने गुदाशयाचे आतले अस्तर खाली ढकलले जाते आणि बंद दाराशी चेंगरते. तेथला रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम होते. काही जण मल निघत नाही म्हणून बोट घालतात, त्यानेही इजा होते. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही, मल बाहेर टाकण्याच्या क्रियेतील बिघाड या रुग्णांत इतरांपेक्षा अधिक आढळला.

म्हणजे जखम दिसते आत, पण तिचे मूळ असते रोजच्या कुंथण्यात. ताईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “मंग मीच माह्यं केलं का, भाऊ?” आम्ही म्हणालो, नाही ताई. सकाळी सुखाने संडासला जायला दहा मिनिटे न मिळणे, हे तुम्ही नाही केले.

बरे होण्याचा क्रम

आता मुख्य गोष्ट. हा व्रण भरतो कसा आणि भरायला किती वेळ लागतो, हेच आम्हाला ठाऊक नव्हते. त्या अज्ञानाने आम्ही दोनदा फसलो.

डॉक्टरांनी लिहून दिले ते साधे होते. कोंड्यासकट अन्न, भरपूर पाणी, रात्री इसबगोल, संडासला कुंथणे पूर्ण बंद, रक्तासाठी लोहाच्या गोळ्या आणि काही आठवडे गुदमार्गे घ्यायचे एक औषध. शिवाय पोटाने श्वास घेऊन खालचा स्नायू सैल सोडण्याचा सराव शिकवला. ताईंनी सारे नेमाने केले. तीन महिन्यांत रक्त थांबले. धाप कमी झाली. आम्ही समजलो, आजार गेला.

येथे पहिल्यांदा फसलो. बरे वाटते म्हणून ताईंनी इसबगोल सोडले. मुलीची दहावीची परीक्षा, तिचा डबा, पहाटेची घाई. पुन्हा कळ दाबणे आणि पुन्हा कुंथणे सुरू झाले. दोन महिन्यांत रक्त परत आले. दुर्बिणीने पाहिले तर व्रण आधीपेक्षा उथळ झाला होता, पण भरला नव्हता. डॉक्टर म्हणाले, “रक्त थांबलं म्हणजे जखम भरली असं नाही. अंगावरची खपली पाहता ना? ती लवकर काढली की पुन्हा रक्त येतं. हेही तसंच आहे.”

पुन्हा सुरुवात केली. या वेळी नवऱ्याने सकाळची घाई स्वतःवर घेतली. पाणी भरणे, डबा बांधणे तो करू लागला. ताईंनी पहिल्या घरी सांगून कामाची वेळ अर्ध्या तासाने पुढे केली. वर्ष उलटल्यावर पुन्हा दुर्बिणीने पाहिले. व्रणाचा पांढुरका तळ गेला होता, कडा सपाट झाल्या होत्या आणि जागेवर गुलाबी अस्तर आले होते. खात्रीसाठी डॉक्टरांनी तुकडा घेतला.

आणि येथे दुसऱ्यांदा फसलो. अहवालात पुन्हा तेच आजाराचे नाव होते. ताई दवाखान्याच्या पायरीवर बसून रडल्या. “येवढं करून बी जात नाही, तं काय करू?” आम्हालाही काही सुचेना.

डॉक्टरांनी समजावले ते प्रत्येकाने ऐकावे असे आहे. या विकारात अस्तराखालच्या मऊ थरात स्नायूंचे आणि तंतूंचे धागे शिरलेले असतात. सूक्ष्मदर्शकाखाली आजार ओळखण्याची तीच खूण. जखम वरून भरली तरी हे धागे लगेच जात नाहीत. पुष्कळदा वर्षानुवर्षे राहतात. डॉक्टरांनी ताईंच्या दंडाकडे बोट दाखवले. “लहानपणी लस टोचली होती ना? जखम कधीच भरली, पण वण आहे. आतही तसा वण राहिला आहे. वण म्हणजे जखम नाही.”

म्हणजे हा विकार टप्प्याटप्प्याने बरा होतो. बहुधा आधी माणसाला बरे वाटते. त्यानंतर, काही महिन्यांनी, दुर्बिणीला दिसणारी जखम भरते. सूक्ष्मदर्शकाखालचे बदल सर्वांत शेवटी जातात किंवा राहतातही. सर्वांचे अगदी याच क्रमाने होते असे नाही. काहींना पूर्ण बरे वाटत असताना दुर्बिणीत व्रण तसाच दिसतो. काहींच्या जागेवर मांसल उंचवटे राहतात. काही ग्रंथी भरताना खोल थरात अडकून पडतात आणि अननुभवी डोळ्याला तेच कॅन्सरसारखे वाटते. ताईंच्या बाबतीत आमचा जीव गेला होता तो यामुळेच. हा आजार कॅन्सर नव्हे. परंतु कधी कधी कॅन्सरही असाच दिसतो, म्हणून न भरणाऱ्या व्रणाचा तुकडा पुन्हा तपासावा लागतो. डॉक्टर दुसऱ्यांदा तपासा म्हणाले तर तो त्यांचा लोभ समजू नये.

जगभरचा अनुभवही असाच आहे. १९८४ मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी केवळ तंतुमय आहार आणि कुंथणे बंद, एवढ्यावर अनेक रुग्णांना गुण आल्याचे नोंदवले. १९९१ मध्ये काश्मीरच्या डॉक्टरांनी मोजक्या रुग्णांना सुक्राल्फेट हे औषध गुदमार्गे दिले. रुग्णांना आराम पडला, व्रण भरू लागले, पण सूक्ष्मदर्शकाखालचे बदल राहिले. २००४ मध्ये लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाने १६ रुग्णांना स्नायू सैल सोडण्याचे शिक्षण दिले. बहुतेकांना बरे वाटले, गुदाशयाचा रक्तपुरवठा सुधारला. पण व्रण पूर्ण भरलेले त्याहून कमी होते. ज्यांचे अस्तर फार खाली सरकते किंवा अंग बाहेर येते, अशा काहींना शस्त्रक्रिया लागते. तो निर्णय तज्ज्ञाचा.

तथागतांना लाज वाटली नाही

आपल्याकडे संडास, मल, गुदद्वार हे शब्द उच्चारायची चोरी. बाई तर मरेल पण सांगणार नाही. बंधू-भगिनींनो, आपण ज्यांना शरण गेलो त्या तथागतांना ही लाज नव्हती.

विनयपिटकाच्या महावग्गात प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आपल्याच मलमूत्रात पडून होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजवले. मग भिक्खूंना सांगितले की, येथे तुमची आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांचे पाहिले नाही तर कोण पाहील? माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी.

चुल्लवग्गात तर संडासाचेच नियम आहेत. भिक्खू ज्येष्ठतेप्रमाणे संडासला जात. नवे भिक्खू आधी येऊनही थांबून राहत आणि कळ दाबून दाबून मूर्च्छित पडत. तथागतांनी नियम केला की जो आधी येईल तो आधी जाईल. कण्हत-कुंथत मलविसर्जन करू नये आणि दातवण चावत बसू नये, असेही तेथे सांगितले आहे. आज दातवणाच्या जागी मोबाईल आला, एवढाच फरक.

आम्ही हे विहारात वाचून दाखवले तेव्हा आधी बायका पदर तोंडाला लावून हसल्या. नंतर दोघीजणी आमच्या पत्नीला बाजूला घेऊन आपापले दुखणे सांगून गेल्या. त्यांतल्या एकीला साधी मूळव्याध निघाली. दुसरीला नुसते बद्धकोष्ठ होते.

घरात एवढे करा

संडासची कळ आली की दाबू नका. पुरुषांनी व मुलांनी सकाळी बाईला आधी जाऊ द्यावे. दहा मिनिटांत झाले नाही तर उठा. पुन्हा कळ येईल तेव्हा जा. कुंथू नका, बोट घालू नका, मोबाईल आत नेऊ नका.

खाण्यासाठी वेगळा पैसा लागत नाही. ज्वारीची भाकर, सालाची डाळ, अंबाडीची किंवा तरोट्याची भाजी, शेवग्याच्या शेंगा हे आपलेच अन्न आहे. कणीक चाळून कोंडा फेकू नका. मोसमात पेरू घ्या. संत्री तर आपल्या जिल्ह्याचीच. रस काढण्यापेक्षा फोडी खा. इसबगोल घेतले तर पाणी भरपूर प्या, नाहीतर ते आतच अडकते. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारा.

रक्त गेले तर त्याला आपणहून मूळव्याध म्हणू नका आणि हा लेख वाचून एकाकी व्रणही म्हणू नका. विशेषतः वजन घटत असेल, संडास काळी होत असेल, चाळिशीनंतर सवय अचानक बदलली असेल किंवा घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर एक दिवसही थांबू नका. पाटीवाल्या भोंदूकडे जाऊ नका. अमरावतीचे इर्विन रुग्णालय, अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०२४ मध्ये सुरू झालेले अमरावतीचे वैद्यकीय महाविद्यालय आपल्याच करातून उभे आहे. सगळे जुने अहवाल एका पिशवीत, तारखेप्रमाणे लावून न्या. आम्ही कारकून माणूस. कागदाचे मोल आम्हाला ठाऊक आहे. अकोल्याला जुना अहवाल हाती होता म्हणूनच डॉक्टरांनी खोलवरचे तुकडे घेतले.

आणि एक काम समाजाचे. गाडगेबाबा याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मले. जन्मभर त्यांनी खराटा हाती धरला. त्यांच्या जिल्ह्यात कष्टकरी बाईला पहाटे संडासच्या रांगेमुळे आजार व्हावा, ही आपल्याला शरमेची गोष्ट आहे. आमच्या वस्तीने महापालिकेकडे सामायिक संडासात पाणी, दिवा आणि बायकांसाठी वाढीव जागा यांची मागणी केली आहे. दिवा लागला. बाकीचा पाठपुरावा चालू आहे.

ताई आता वर्षातून एकदा तपासून येतात. मागच्या वेळीही वण तेथेच होता. रक्त नाही. हिमोग्लोबिन बारावर आहे. मुलगी बारावी झाली आणि नर्सिंगचा अर्ज भरते आहे. तो अर्ज आम्हीच तपासून दिला. वर्षावासात ताई आता दाराजवळ बसत नाहीत. गेल्या खेपेला त्यांची वाचनाची पाळी होती. त्या तासभर एका जागी बसून वाचत होत्या आणि आम्ही शेवटी, दाराजवळ बसून ऐकत होतो.

जयभीम.